तिला लग्नच करायचं नव्हतं

सकाळी आईचं अंग पुसून, तिला कुशीवर वळवून, पाठीला उशी लावून बेबी कामावर निघाली. वय त्रेचाळीस, तरी घरादारात ती बेबीच. बारा वर्षांपूर्वी आईची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून दुपारी शेजारच्या काकू डोकावून जात, बाकी सगळं बेबीच्या अंगावर. थोरला भाऊ, म्हणजे दादा, बायकोमुलांसह दोन गल्ल्या पलीकडे राहायचा आणि रविवारी तासभर येऊन जायचा.

बेबी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. त्या दिवशी काउंटरवर एक ओळखीचा चेहरा आला. अकरा वर्षांपूर्वी दुकानाच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला येणारा. तेव्हा वर्षभर तो आला की दोघं चहा एकत्र घेत. मग तो अचानक यायचा बंद झाला. अंथरुणावरच्या आईचं ऐकून घाबरला असेल, अशी बेबीने मनाची समजूत घातली होती.

"चाळिशी लागली बघा," तो हसला. "धाकटी आता तिसरीत आहे. तुम्ही कशा आहात?"

"बरी आहे."

तो जरा घुटमळला. "तेव्हा रीतसर विचारायला आलो होतो तुमच्या घरी, तुम्ही बाहेर गेला होतात. दादा म्हणाले, तिला लग्नच करायचं नाही, पुन्हा तिच्या वाटेला जाऊ नका. म्हटलं, तुमचीच इच्छा नाही तर कशाला त्रास द्या."

बेबीने त्याच्या चष्म्याचा नंबर लिहून घेतला. दोनदा चुकला.

संध्याकाळी आईला खुर्चीतून पलंगावर घेताना तिने विचारलंच.

"दादाला मीच सांगितलं होतं तसं बोलायला. तू गेली असतीस तर मला कोणी उचललं असतं?"

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर गेली असतीस."

आईचा सगळा भार त्या क्षणी बेबीच्याच हातांवर होता. तिने तो हळूच पलंगावर टेकवला, मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडली. बादली भरून वाहू लागली. आतून आई हाका मारत राहिली, "बेबी, पाणी वाया जातंय गं!"

लग्नं कमी झाली, एकटी माणसं वाढली, पोरी फार चोखंदळ झाल्या, असं आपण चहा पिता पिता सहज बोलून जातो. कुणाचं लग्न घरच्यांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, हे मात्र कोणी विचारत नाही.

रविवारी दादा आला. "जुनी मढी कशाला उकरतेस?" तो म्हणाला. "आणि तुला कुठे संसार आहे?"

"पहिल्या तारखेपासून पंधरा दिवस आई तुझ्याकडे."

"चार लोक काय म्हणतील?"

"चौघांनाही बोलव. आईला कुशीवर कसं वळवायचं ते शिकवते."

आईने तिचा हात घट्ट धरला. "मला टाकू नकोस गं."

"टाकत नाही, आई. वाटून घेतेय."

नवव्या दिवशीच दादाने आईला परत आणून सोडलं. एकाच कुशीवर पडून पडून पाठीला जखम झाली होती. "आमच्याच्यानं होत नाही," एवढंच बोलून तो गेला. बेबीने जखम धुऊन पट्टी बांधली. आपल्या हट्टापायी हे झालं, असं वाटून तिला अन्न गोड लागेना. आईला पुन्हा कधीच पाठवायचं नाही, असं तिने तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं.

जखम भरल्यावर ती स्वतः आईला दादाकडे घेऊन गेली.

"खांद्याखाली हात घाल. आता उचल."

दादाला जमेना. आई कण्हली. बेबीने आपले हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले. चौथ्यांदा जमलं.

तेवढ्यात दादाच्या शेजारीणबाई डोकावल्या. "ही बहीण का? लग्न नाही केलंत? हल्ली मुलींना नकोच असतं म्हणा."

दादाने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"मला हवं होतं," बेबी म्हणाली.