दुसरा ठोका

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तिने हेडफोन चढवले आणि एकतिसावी फाइल सुरू केली. दाराबाहेरचा लाल दिवा लागला. आता वीस मिनिटं आत कुणी येणार नव्हतं आणि आतलं कुणी बाहेर जाणार नव्हतं. सुरू झालेली फाइल मध्येच थांबवायची नाही, असा नियम होता. थांबवली की माणूस विचार करतो आणि विचार केला की नोंद बिघडते, असं प्रकल्प चालवणाऱ्या मॅडमचं म्हणणं.

खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना करडा स्पंज, दोन टेबलं, मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा. आडोशापलीकडे मास्तर. पस्तीस वर्षं पोरांना गप्प बसवण्याचा पगार घेतला, आता पोरं किती बोलतात ते मोजण्याचा घेतो, हा विनोद त्यांचा स्वतःचाच होता आणि दर सोमवारी ते तो नव्यानं सुचल्यासारखा करत.

काम सोपं होतं. लहान मुलाच्या जाकिटात शिवलेला रेकॉर्डर घरातलं दिवसभराचं बोलणं टिपे. त्यातली वीस मिनिटं निवडून दोघांना ऐकायला मिळत. मुलानं हाक मारली की पहिल्या खान्यात रेघ. पाच सेकंदांत मोठ्या माणसानं उत्तर दिलं की दुसऱ्या खान्यात रेघ. दर दहा सेकंदांनी कानात एक ठोका वाजे. त्यावर कागदावरची ओळ बदलायची. दोघांच्या रेघा जुळल्या की फाइल पक्की. मूल कुणाचं, घर कुठलं, हे कळत नसे. आवाज ओळखीचा वाटलाच तर चिठ्ठी भरून द्यायची, फाइल बाद.

मूल तीनेक वर्षांचं असावं. बोबडं.

"आई, जिलाफ पडला."

"हं," लांबून बाईचा आवाज आला.

तिने पहिल्या खान्यात रेघ मारली. दुसरा कोरा ठेवला. 'हं' हे उत्तर धरायचं नाही, हा नियम तिनेच करवून घेतला होता. "'हं' म्हणजे मुलाच्या तोंडावर दार लोटून घेणं," असं ती बैठकीत म्हणाली होती, आणि मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं नियमांच्या वहीत उतरवलं होतं.

"जिलाफला लागलं, आई."

"हं."

पाचव्या हाकेला ती आडोशाकडे मान करून पुटपुटली, "काय बाई आहे. मूग गिळून बसलीये नुसती."

"मोबाइल असेल हातात," मास्तर म्हणाले. "तू रेघा मार."

सातव्या हाकेनंतर तिच्या लक्षात आलं, ठोका दोनदा वाजतोय. एक कानात, स्वच्छ. दुसरा त्याच्या मागोमाग, बारीक, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

"मास्तर, मशीन बिघडलंय का? ठोका दोनदा येतोय."

"मलापण येतोय. मशीन नाही ते. दुसरा ठोका त्या घरातला आहे. तिथे कुणीतरी हेच, आपलं रेघांचं काम करत बसलंय."

पलीकडे खुर्ची करकरली.

गेल्या वर्षी काम घरी नेणारी तिघंच होती. मास्तर, ज्यांची मुलं चाळिशीला आली, एक बिनलग्नाची पोरगी, आणि ती. जाकिटं नवी आली तेव्हा चाचणी म्हणून तिने एक घरी नेऊन आपल्या मुलाला, बोक्याला, दिवसभर घातलं होतं. ती फाइल नंतर पुसून टाकायची होती.

नऊ मिनिटं झाली होती. अकरा उरली होती.

बोका आता साडेचारचा. 'र' नीट म्हणतो. एकटा कसा छान रमतो, कामात त्रास म्हणून देत नाही, हे ती शेजारणीला सांगे, नणंदेला सांगे. बालवाडीच्या बाईंनी मागच्या महिन्यात विचारलं होतं, घरी तरी बोलतो का हो? ती हसून म्हणाली होती, घुम्या आहे जरा, बापावर गेलाय.

"आई, जिलाफ लडतोय."

"हं."

पहिल्या खान्यात रेघ. तिने पेन्सिलचं टोक दुसऱ्या खान्यावर टेकवलं. ठिपका उमटला. त्याची रेघ करणं सोपं होतं, पण मग मास्तरांच्या कागदाशी जुळलं नसतं, आणि मास्तर खोटी रेघ ओढणाऱ्यांतले नव्हते. तिने दाराकडे पाहिलं. दाराच्या काचेत लाल दिव्याची कड दिसत होती. तिने ठिपका खोडला.

बाराव्या हाकेनंतर आवाज थांबला. ठोके चालू होते, दोन-दोन. मग अगदी जवळून, हनुवटी जाकिटाला टेकली असावी इतक्या जवळून:

"आई, जिलाफ झोपला."

आणि बाईनं काही म्हणायच्या आत, तिचा सूर हुबेहूब उचलून, पोरच म्हणालं:

"हं."

त्यानंतर फाइल संपेपर्यंत एकही हाक नव्हती. चार मिनिटं नुसते ठोके.

साडेतीनला दिवा विझला. मास्तर आडोशाच्या कडेला येऊन उभे राहिले.

"शेवटचं 'हं' कुठल्या खान्यात घातलंस?"

"कुठल्याच नाही."

"मीपण."

त्यांनी एक चिठ्ठी तिच्या टेबलावर ठेवली. फाइलचा आकडा त्यांनीच लिहिला होता. ओळखणाऱ्याचं नाव कोरं होतं. चिठ्ठी दिली की मॅडम विचारणार, तुला कसं कळलं. नाही दिली की हे घर अहवालात 'कमी प्रतिसादाचं' म्हणून कायमचं बसणार.

"पाचपर्यंत दे," मास्तर म्हणाले. "मी जरा पाय मोकळे करून येतो. घाई नाही मला."

पावणेचारला तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"आत्ता? बरंय ना सगळं?"

"बरंय. बोक्याला द्या जरा."

पावलं वाजली. फोन हातातून हातात गेला.

"काय करतोयस रे?"

"काही नाही."

"तुझा जिराफ कुठेय?"

सवयीनं तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. पाच सेकंद झाले. मग सात. पलीकडे श्वास ऐकू येत होता. चिठ्ठीवरची जागा कोरीच होती आणि फोन चालू होता.