टाके काढेपर्यंत

लेकीने फोनवर शब्द दिला होता, “टाके काढेपर्यंत राहीन गं आई.” त्या एका वाक्यासरशी शिंपीणबाई आपल्या पित्ताशयातल्या खड्यांवर चक्क खूश झाल्या. पोट दुखायचं ते दुखतच होतं, पण त्या दुखण्याचे आता लाड सुरू झाले. शेजारणीच्या अशाच ऑपरेशनला फार वर्षांपूर्वी पोटावर वीतभर चीर पडली होती आणि तिच्या सुना पंधरवडाभर तिच्या उशापासून हलल्या नव्हत्या. बाई तेच धरून बसल्या होत्या.

लेक आली, पण ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यावर पाणी फिरवलं. “मावशी, आता एवढं पोट उघडावं लागत नाही. बारीक छिद्रं पाडायची, एकातून दुर्बीण घालायची, बाकीच्यांतून हत्यारं. रक्त कमी जातं, दुखतंही कमी. उद्या घरी जाल आणि थोड्याच दिवसांत मशीनवर बसाल.”

“आणि टाके?”

“आपोआप विरघळतात. काढायला यायची कटकटच नाही.”

लेकीचा चेहरा उजळला, बाईंचा पडला. लेक औषधं आणायला बाहेर गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “काढावा लागेल असा दोरा नाही का तुमच्याकडे? साधासुधा चालेल.”

डॉक्टरीणबाईंना वाटलं, मावशी थट्टा करताहेत. त्या हसत हसत निघून गेल्या.

ऑपरेशन दृष्ट लागावी असं झालं. दुसऱ्या दिवशी बाई आपल्या पायांनी घराचा जिना चढल्या. मग सवयीने उठून दोघींचा चहाही करून बसल्या, आणि तिथेच फसल्या.

“बघ, ठणठणीत झालीस,” लेक कौतुकाने म्हणाली. “मग मी रविवारीच निघते. तिकडे कामं खोळंबलीत.”

बाईंनी एकदा कण्हून पाहिलं. पण सोंग करायला अंगात कला लागते, ती त्यांच्यात कुठली? पोरीचं काही चुकत नव्हतं, हेच त्यांना जास्त लागलं. तिला थांब म्हणायला त्यांच्याकडे कारणच उरलं नव्हतं.

रविवारी निघताना लेकीच्या बाहीची शिवण उसवलेली दिसली. “थांब जरा,” म्हणत बाईंनी सुई ओवली. लेक बॅग खाली ठेवून हात पुढे करून उभी राहिली, शाळेत जाताना राहायची तशी. एरवी झरझर चालणारा बाईंचा हात आज भलताच सावकाश चालत होता.

“अगं आई, कापड निळं आणि दोरा लाल? आणि एवढे लांब टाके?”

“कच्चे आहेत,” दोरा दातांनी तोडत बाई म्हणाल्या. “आपोआप विरघळत नाहीत हे. काढायला ये.”