आत औषध नसलेला बँड

नोव्हेंबर १९८३ च्या पहिल्या रविवारी लखनऊ शहरात स्वतःची गाणी स्वतः रचून वाजवणारे बँड एकूण सात होते. सातांच्या मिळून गिटारी चौदा. त्यांतल्या विजेवर चालणाऱ्या पाच, आणि त्या पाचांपैकी सहाच्या सहा तारा शाबूत असलेल्या तीन. कीबोर्ड दोन. ड्रमचा संच एक आणि तो वाजवणाराही एकच, चिनहटच्या कारखान्यात फिटर असलेला लक्ष्मीकांत. तो सातही बँडांत होता. त्याला सात वेळा मोजलं तर कलावंत अठ्ठावीस, एकदाच मोजलं तर बावीस.

ही मोजदाद नयनाची. त्याच वर्षी ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती, शिष्यवृत्तीच्या पत्राची वाट पाहत होती, आणि हाताशी मोजायला दुसरं काही नसल्यामुळे तिनं बँड मोजायला घेतले होते. वसतिगृहाची मेस असो, गंज बाजारातल्या रेस्तराँचा वरचा मजला असो, नाही तर कुणा मित्राच्या बहिणीची सगाई असो, बँड वाजणार म्हटलं की नयना सायकल काढायची. वहीत रकाने ठरलेले होते: सुरुवातीला श्रोते किती, शेवटी उरले किती, बत्ती कितव्या गाण्याला गेली आणि गेल्यावरही वाजवत कोण राहिलं.

वहीप्रमाणे शहरातला सगळ्यात चांगला बँड 'दोपहर' होता. त्याला ऐकायला आलेल्या शंभरांतले एकाहत्तर शेवटपर्यंत बसायचे. बाकी कुणाची मजल बावन्नच्या पुढे गेली नव्हती. 'दोपहर'मध्ये गिटार वाजवून गाणारा विनय हा तिचा सख्खा धाकटा भाऊ होता, पण नात्यासाठी वहीत रकाना नव्हता.

'दोपहर'ची तालीम इंदिरानगरला त्यांच्याच घरी, गच्चीवरच्या खोलीत चालायची. घोडं अडलं ते तिथंच.

"एक जानेवारीपासून वर भाडेकरू येणार," बाबांनी जेवता जेवता जाहीर केलं. बाबा, म्हणजे नरेंद्र, रेल्वेत इंजिनियर होते. ब्रेक तपासण्यात त्यांची हयात गेली होती, आणि घरातही कुठलीही गोष्ट सुरू होण्यापेक्षा थांबण्याकडे त्यांचं लक्ष जास्त असायचं.

"और हम लोग कहाँ जाएँगे?" विनय म्हणाला.

"मराठीत रड."

"आम्ही कुठं जायचं, बाबा?"

"गोमतीच्या काठी. तिथं म्हशी असतात. त्या बिचाऱ्या तक्रार करत नाहीत."

"बाबा, शंभरांतले एकाहत्तर लोक शेवटपर्यंत बसतात," नयना म्हणाली.

"ते याचे मित्र. जातील कुठं? बाहेरच्या चार शहाण्या माणसांनी निवडून दाखवू दे. आपल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात बँडला वाजवायला बोलावलं तर खोली बँडची. माझा शब्द."

"शब्द दिलात, आता भाजी घ्या," आई म्हणाली.

गोमती मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत नऊ माणसं होती आणि त्यांतली सहा निरनिराळ्या प्रयोगशाळांत कामाला होती. आदल्या वर्षी नाट्यसंगीताला कुणाला बोलवायचं यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं, ते अजून सुरू झालं नव्हतं. यंदा चाळीस मिनिटांच्या एकाच जागेसाठी दोन अर्ज आले: एक 'दोपहर'चा आणि एक रेल्वे कॉलनीतल्या पोरांच्या 'रेड सिग्नल'चा. तेव्हा निवडीची सूत्रं मधुकरकाकांनी हातात घेतली. ते नव्या औषधांच्या चाचण्या घेत आणि घरी नवीन चहा आणला तरी शेजाऱ्यांना आधी विचारून पाजत.

"निवड म्हणजे आवडनिवड नव्हे," त्यांनी व्हरांड्यात बैठक भरवून सांगितलं. "दुहेरी अंध चाचणी घ्यायची. कोण वाजवतंय हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये, आणि वाजवणाऱ्यालाही कळता कामा नये."

"काका, वाजवणाऱ्याला ते कळतंच," नयना म्हणाली.

"हं. ही अडचण आहे." काकांनी ती अडचण लिहून घेतली. "बरं, आपलं अक्षर कोणतं हे निदान त्याला कळू नये. अ, ब, क. चिठ्ठ्या तू टाकायच्या, पाकीट तुझ्याकडे."

"पण बँड तर दोनच आहेत."

"आणि प्लासिबो?" काकांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिची एम.एस्सी. परत घेतली जाते की काय असं तिला वाटलं. "रंग तोच, आकार तोच, आत औषध नाही, अशी गोळी. तिच्याशी तुलना केल्याशिवाय औषध चालतंय हे कशावरून म्हणायचं? म्हणून तिसरा बँड असा हवा की जो बँड जे जे करतो ते सगळं करील, फक्त गाणं वाजवणार नाही."

"म्हणजे करणार काय?"

"तूच सांग. तू इतके बँड पाहिलेस, ते काय करतात?"

नयनानं वही चाळली आणि प्रामाणिकपणे वाचून दाखवलं. "स्टेजवर येतात. तारा जुळवतात. माइकवर हॅलो म्हणतात, एक-दोन-तीन म्हणतात. आवाज कमी करा म्हणतात, वाढवा म्हणतात. पुन्हा तारा जुळवतात. सरासरी आठ मिनिटं."

"उत्तम. आठ मिनिटं हा डोस. तिघांनाही आठच."

प्लासिबोत जायला कुणी राजी होईना, तेव्हा बाबा उभे राहिले. "गाडी न जोडता इंजिन तपासणं हे माझं रोजचंच काम आहे," ते म्हणाले. त्यांच्यासोबत कीबोर्डवर शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या पद्मामावशी आणि माइकवर मंडळाचे चिटणीस नरहरकाका. ड्रमवर अर्थात लक्ष्मीकांत. नयनानं त्याची नोंद 'स्थिरांक' अशी केली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला एका शाळेच्या हॉलमध्ये चाचणी झाली. सहा चादरी जोडून पडदा केला होता. श्रोते छत्तीस. प्रत्येकाच्या हातात एक कागद: शून्य ते दहा गुण, आणि खाली 'दुष्परिणाम असल्यास' अशी ओळ.

'रेड सिग्नल'ला अ आलं होतं. त्यांनी आठ मिनिटांत साडेतीन गाणी वाजवली आणि पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी दुष्परिणामांत 'कवळी हलली' असं लिहिलं.

ब म्हणजे प्लासिबो. पडद्यामागून बाबांनी एक तार छेडली. थोडी पिळली. पुन्हा छेडली. पद्मामावशींनी एक स्वर दिला आणि तो बरोबर आहे की नाही याचा विचार करण्यात अर्धं मिनिट घालवलं. नरहरकाका माइकवर म्हणाले, "हॅलो. एक. दोन. तीन. आवाज येतोय का मागं?" मागून सातआठ जण म्हणाले, "येतोय!" लक्ष्मीकांतनं झांज एकदाच वाजवली आणि लगेच हातानं धरली. असं आठ मिनिटं. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

क म्हणजे 'दोपहर'. विनय गायला, चौक भागातल्या, चिकनचं भरतकाम करणाऱ्या घरातल्या अफजालनं दुसरी गिटार अशी काही वाजवली की नयनाला रकाने भरायचं सुचेना. दोन काकूंनी दुष्परिणामांत 'पाय हलत होता' असं लिहिलं.

मग नयना मागच्या वर्गात कागद घेऊन बसली. बेरीज तिनं तीनदा केली, कारण पहिल्या दोनदा तिचा विश्वास बसला नाही. अ ची सरासरी पाच पूर्णांक दोन. क ची सहा पूर्णांक नऊ. ब ची सात पूर्णांक आठ.

शेरेही होते. 'ब मध्ये संयम आहे.' 'ब चे शब्द स्पष्ट कळले.' 'ब ऐकताना आता काहीतरी येणार असं सारखं वाटत राहतं, हे आजकाल दुर्मिळ आहे.' 'ब हा एकच बँड मराठीत वाटला.'

विनय दारात येऊन उभा राहिला. तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं.

"दीदी, लिफाफा तो तेरे पास है," तो हळूच म्हणाला. "ब कौन, क कौन, सिर्फ तू जानती है."

नयनानं पाकिटाकडे पाहिलं. तीन चिठ्ठ्यांतल्या दोनांची अदलाबदल करायची, चार सेकंदांचं काम. खोली वाचली असती. सात बँडांतला एक बरा बँड टिकला असता. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला मोजता येतं, विनू," ती म्हणाली. "दुसरं काही मला येतच नाही. तेही खोटं केलं तर माझ्याकडे उरतं काय?"

"साइकिल," विनय म्हणाला आणि निघून गेला.

निकाल वाचून मधुकरकाकांनी नियमांचा कागद उघडला. "ज्याची सरासरी सर्वांत जास्त त्याला बोलवायचं, असा नियम आहे," ते म्हणाले. "नियम निकालाआधी लिहिला. त्यावर नऊ सह्या आहेत. अपील नाही."

"पण त्यात औषध नाही, काका!" नयना म्हणाली.

"नसू दे. गुण तर आला."

घरी परतताना बाबा रिक्षात शीळ घालत होते. नयनानं ती त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाडेकरू खोली बघायला आले. बँकेतले सज्जन गृहस्थ. नयना त्यांना घेऊन गच्चीवर गेली तर आत विनयची गिटार मांडीवर घेऊन बाबा बसलेले.

"माफ कीजिए," बाबा न उठता म्हणाले, "कमरा खाली नहीं है. रियाज़ चलता है."

गृहस्थ गेले. जिन्यात उभ्या असलेल्या विनयनं नयनाचा दंड धरला. "बाबांनी काय शब्द दिला होता?" तो चक्क मराठीत म्हणाला.

"बँडला बोलावलं तर खोली बँडची."

"हां. मगर किस बँड की?"

चार दिवसांत बाबांनी दोन तारा तोडल्या. तारा जुळवण्याचं नाटक आठ मिनिटं वठलं होतं. स्नेहसंमेलनात चाळीस मिनिटं होती, आणि मधुकरकाकांनी बजावलं होतं की चाचणी झालेला डोस पाचपट वाढवायला शास्त्राची परवानगी नाही. तिसरी तार तुटली तेव्हा बाबांनी खिडकीतून हाक मारली, "विनय, तो तुझा अफजाल कुठाय?"

अफजाल आला, बसला, आणि एका मिनिटात गिटार सुरात आणून त्यानं अदबीनं परत केली. मग हात चोळत बसला.

"आता काय?" बाबांनी विचारलं.

"अंकल, गुस्ताख़ी माफ़. सुर मिल जाए तो बजाए बग़ैर रहा नहीं जाता. आप कैसे रह लेते हैं?"

ब्रेक तपासणाऱ्याला असा प्रश्न आयुष्यात कुणी केला नव्हता.

"नयना," ते म्हणाले, "चाळीसातून आठ गेले?"

"बत्तीस."

"त्या बत्तीस मिनिटांत बसेल असं या पोरांकडे काही आहे?"

"सहा गाणी आहेत, बाबा. मधे कुणी रेंगाळलं नाही तर सात."

"मग ठरलं. तारा आम्ही जुळवायच्या, पुढचं त्यांनी बघायचं. पण जुळवायला शिकवायचं आम्हाला, आणि तेही इथं, याच खोलीत. खोली दोन्ही बँडांची."

मधुकरकाकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की डोस आठच मिनिटांचा राहत असेल आणि उरलेलं निव्वळ भोजनोत्तर म्हणून घेतलं जाणार असेल, तर शास्त्राची हरकत नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी दुपारी स्नेहसंमेलन पार पडलं. आठ मिनिटं तारा जुळल्या, नरहरकाकांनी "एक, दोन, तीन" म्हटलं, आणि पुढं 'दोपहर'नं सात गाणी वाजवली. मधे फक्त एक काकू उठून गेल्या, त्या पुरी तळायला. बाहेर पडताना कवळीवाले आजोबा बाबांना म्हणाले, "सुरुवात फार छान झाली हो. पुढं जरा गाण्यासारखं झालं."

जानेवारीपासून गच्चीच्या दारामागं नयनानं एक तक्ता लावला. आत जाताना आणि बाहेर येताना प्रत्येक बँडनं वेळ लिहायची, असा तिनं दंडक घातला. एकतीस तारखेला तिनं तक्ता उतरवला आणि बेरीज केली.

'दोपहर': चौदा तास वीस मिनिटं. बाबा, पद्मामावशी आणि नरहरकाका: एकवीस तास पाच मिनिटं.