एक्केचाळिसावं पान

पूल बांधणाऱ्या त्या कंपनीत सगळे तिला फाईलबाई म्हणत. मुळात ती इंजिनियर. नऊ वर्षांपूर्वी एका पुलाचा स्लॅब कोसळला, एका गवंड्याचा पाय गेला, आणि ‘हिने आधी सावध केलंच नाही’ म्हणत तिच्या वरच्या साहेबांनी सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडलं. शिक्षा म्हणून तिला तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये धाडलं. तेव्हापासून ती तिथे दातओठ खात धूळ झटकत होती.

आता साहेबांना इतिहासाचा पुळका आला होता. नवं काही सुचायचं तर जुन्यातून शिका, असं कंपनीच्या मालकीणबाईंना पटवून त्यांनी एक पद्धत काढली. काम सुरू होण्याआधी तसल्याच जुन्या कामाची फाईल सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. वाचणाऱ्याने ती आधी चाळायची नाही, प्रत्येक पानाचा नंबर पुकारायचा, शेवटच्या पानापर्यंत कोणी उठायचं नाही. पद्धत खरंच चांगली होती, दोन कामं वेळेआधी उरकली. मेल्याला अक्कल होती, तेच तिला जास्त सलायचं.

नव्या पुलाची वेळ आली तेव्हा साहेब स्वतः तळघरात उतरले.

“बाई, तुमच्या त्या पुलाची फाईल काढा. मीच वाचतो. चूक कशी होते ते कळू दे सगळ्यांना.”

“काढते की,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत वाचाल ना?”

“नियम माझाच आहे.”

ऑफिसच्या फाईलमधलं एक्केचाळिसावं पान, म्हणजे तिने आधीच दिलेल्या इशाऱ्याच्या चिठ्ठीची नक्कल, साहेबांनी तेव्हाच फाडून टाकलं होतं. पण मूळ चिठ्ठी साइटच्या फाईलला लागते, आणि काम संपलं की ती फाईल पेटीत घालून तळघरात येते, हे साहेबांच्या गावीही नव्हतं. पेटी तिला दुसऱ्याच वर्षी सापडली होती. चिठ्ठी लगेच दाखवली असती तर साहेबांनी चार भिंतींत प्रकरण मिटवलं असतं. तिला भरलेला हॉल हवा होता.

हॉल आज भरला होता, आणि मूळ चिठ्ठी तिने ऑफिसच्या फाईलमध्ये फाडलेल्या पानाच्या जागी लावून ठेवली होती. पुढे मालकीणबाई, मागे सगळे इंजिनियर आणि मुकादम. दाराशी काठी टेकून तो गवंडी बसला होता. त्याला तिनेच बोलावलं होतं.

“पान चाळीस,” साहेबांनी ऐटीत वाचलं. पान उलटलं, आणि चेहरा पांढराफटक पडला. “पान बेचाळीस...”

“एक्केचाळीस राहिलं,” मालकीणबाई म्हणाल्या.

“ते... महत्त्वाचं नाही.”

“वाचा,” मालकीणबाई म्हणाल्या.

साहेब पुटपुटले, “स्लॅबखालचे टेकू भुसभुशीत मातीवर आहेत. खाली फळ्या टाकेपर्यंत काँक्रीट ओतू नये.” खाली तिची सही.

“मोठ्याने, साहेब,” ती उभी राहून म्हणाली. “दारापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. तुमचा शेराही वाचा.”

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच ठेवला.

“वाचलं. काम थांबवू नये. उद्याच ओता.”

“सही कोणाची?” दाराकडून गवंड्याने विचारलं.

साहेबांनी फाईल मिटली. ते खुर्चीत टेकू लागले. तिचा जीव थंड झाला होता, पण पोट भरलं नव्हतं.

“बसताय कुठे?” ती म्हणाली. “अजून तीस पानं आहेत. शेवटचं माझ्या बदलीचं पत्र आहे, तेही तुम्हीच लिहिलंय.”