बलरामपूरच्या बसमध्ये पांढऱ्या साड्या

मला कुणी विचारलं, इतकी वर्षं लखनौला राहिलात, काय पाहिलंत, तर मी म्हणते, बस पाहिली. इमामबाडे काय, ते कुठे पळून जात नाहीत. पण कैसरबागच्या स्टँडवर बस लागली की दारातून जेवढी माणसं चढतात तेवढीच खिडकीतून शिरतात. आधी रुमाल, मग पिशवी, मग धाकटं पोर, मग पोराची आई. आणि आत्ताआत्तापर्यंत एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी हीच माणसं, बस हलली की तिघांच्या बाकावर चौथ्याला बसवून घेतात आणि मीठ लावलेली काकडी पुढे करतात. या लोकांचं मला फार कौतुक आहे. अजूनही आहे.

खोड एकच. काकडीच्या आधी नाहीतर नंतर विचारणार, "कौन बिरादरी हैं आप लोग?" आमच्या ह्यांनी, म्हणजे भाऊरावांनी, त्यावर एक उत्तर घोटून ठेवलं होतं. "महाराष्ट्र के हैं." जसं काही महाराष्ट्र ही एक जातच आहे. हे रेल्वेच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन, आमचं भाड्याचं घर निशातगंजला. आम्ही नागपूरचे बौद्ध हे ऑफिसात आणि गल्लीत सगळ्यांना ठाऊक. पण प्रवासात ह्यांना कटकट नको असे. लखनौ ते झाशी, झाशी ते नागपूर अशा कितीतरी फेऱ्या आम्ही त्या एका उत्तरावर काढल्या. घरी मी चिडवायची, "महाराष्ट्र जातीचे, जेवायला या." गाडीत मात्र मीही गप्प बसायची.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे आल्या, डोळे दाखवायला. काचबिंदूनं उजवा डोळा गेलेला आणि डावा जायच्या वाटेवर. लखनौच्या डॉक्टरांनीही नागपूरच्या डॉक्टरांचंच सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली किती टिकेल याचा भरवसा नाही. आईंनी ते शांतपणे ऐकलं आणि घरी येऊन म्हणाल्या, "मंग मले जेतवन दाखवा. नागपूरच्या विहारात जन्मभर कथा आयकली. भगवान बुद्धानं जिथं इतके पावसाळे काढले, ते एकदा या डोळ्यानं पाहू द्या."

जेतवन म्हणजे श्रावस्तीला. लखनौहून बलरामपूरच्या बसनं जायचं, बलरामपूरच्या अलीकडे. वैशाख पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईंचं नागपूरचं रिझर्व्हेशन होतं. म्हणजे पौर्णिमेलाच जायचं आणि त्याच दिवशी परतायचं, दुसरा मार्ग नव्हता.

पौर्णिमेच्या पहाटे मी आईंना पांढरी साडी नेसवली, मी पांढरी नेसले, ह्यांनी पांढरा सदरा-पायजमा घातला. आमच्यात विहारात जायचं, वंदना घ्यायची तर पांढरंच. यात विचार करण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

स्टँडवर नेहमीसारखीच झुंबड होती. हे धोतराचा काचा मारावा तसा पायजमा वर खोचून खिडकीकडे धावणार, एवढ्यात दारातली गर्दी आपोआप बाजूला झाली. कुणी म्हणालं, "अरे, माताजी को पहले चढ़ने दो." एका गृहस्थानं ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा सोडली. इतकी माणुसकी मी त्या स्टँडवर कधी पाहिली नव्हती. मनात म्हटलं, बघा, उगाच नाही मी यांचं कौतुक करत.

तिकिटं देताना कंडक्टर हळू आवाजात ह्यांना म्हणाला, "कौन गुज़र गया, भाईसाहब?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इकडे पांढरी साडी म्हणजे विधवा, आणि सगळं घर पांढऱ्यात म्हणजे सुतक. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. बस्स, तेवढंच. मग म्हणाले, "सहेट-महेट पर उतरना है." श्रावस्तीला तिथले लोक सहेट-महेट म्हणतात. कंडक्टर म्हणाला, ही एक्स्प्रेस आहे, इकौन्यानंतर थेट बलरामपूर. तो ड्रायव्हरच्या कानाशी जाऊन काही बोलला. ड्रायव्हरनं मागे न बघता हात वर केला. कंडक्टर परत येऊन म्हणाला, "रोक देंगे. ऐसे मौके पर कौन मना करेगा."

मला हायसं वाटलं, खोटं का बोलू. बलरामपूरला जाऊन उलट यायचं म्हणजे परतीची बस हुकली असती, आणि इकौन्याला टांगा मिळाला नसता तर आईंच्या गुडघ्यांना त्या उन्हात चालणं जमलं नसतं. मान खाली घातल्यानं काम होत असेल तर होऊ दे, असंच मला वाटलं.

आईंच्या शेजारी एक बाई होती, तीही पांढऱ्या साडीत. रामकली तिचं नाव. साडी जुनी, किनार नसलेली. बलरामपूरला भावाच्या घरी लग्न होतं, तिकडे निघाली होती. बाराबंकी मागे पडलं, घाघरेचा पूल आला, वारा तापायला लागला. रामकलीनं आपल्या तांब्यातलं पाणी आईंना दिलं, त्यांचा हात हातात घेतला आणि डोळे पुसत म्हणाली, "सब्र करो अम्मा. मेरा तो सोलह की उमर में चला गया था."

आईंना हिंदी थोडी समजे. पण हे काय चाललंय ते कळेना. त्या माझ्याकडे वळल्या. "सुनंदा, ही बाई काहून रडून राहिली?"

मी टाळायचा प्रयत्न केला. पण आईंशी टाळाटाळ करणं मला कधी जमलेलं नाही. हळूच सगळं सांगितलं, बस कशासाठी थांबणार आहे तेही.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग ह्यांना म्हणाल्या, "भाऊ, घरचं कोणी मेलं नाही, तर मेलं म्हणून कसं सांगतलं?"

"मी कुठं सांगितलं? त्यांनी समजून घेतलं," हे मराठीत कुजबुजले. "आई, गप राहा ना. बस थांबली पाहिजे."

"पंचशील घ्यायले चाललो आपण. खोटं बोलणार नाही म्हणून तिथं हात जोडू, आणि खोट्यावर उतरू?"

आणि त्या उठून उभ्या राहिल्या. एका हातानं पुढचा दांडा धरला. हे त्यांचा पदर ओढत होते, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भाई लोग, हमारे घर में कोई मरा नहीं. आज बुद्ध भगवान का दिन है. हम बौद्ध लोग है, बाबासाहेब के. हमारे में खुशी के दिन सफेद पहनते. तुमने सीट दिया, तुमको गलत लगा, इसलिए बोलती हूँ. सीट वापस ले लो."

मला रडू येत होतं आणि अभिमानानं छातीही भरून आली होती. इतक्या फेऱ्यांत आम्ही दोघं जे एका डब्यात कुणाला म्हणू शकलो नव्हतो, ते या अर्ध्या आंधळ्या बाईनं भरल्या बसला सांगून टाकलं होतं.

मागच्या बाकावरचा एक माणूस म्हणाला, "मेला देखने के लिए एक्सप्रेस नहीं रुकती." दुसऱ्या कुणीतरी त्याला दुजोरा दिला. रामकलीचा तांब्या आईंच्या मांडीपाशी होता. समोरच्या बाकावरची बाई तिला म्हणाली, "अपना लोटा तो उठा लो." रामकलीनं तांब्या उचलला, त्यातलं उरलेलं पाणी स्वतः प्यायली आणि परत तिथंच ठेवला.

जागा सोडणारे गृहस्थ मात्र दांडा धरून उभेच राहिले, त्यांनी जागा परत मागितली नाही. "बैठिए माताजी," एवढंच म्हणाले.

बहराइच आलं, गेलं. इकौना आलं. मी ह्यांना म्हटलं, इथंच उतरू या, टांग्याचं पाहू. हे उठले, पिशवी घेतली, पण बाहेर रस्त्यावर उन्हात कुत्रंसुद्धा दिसेना. कंडक्टरनं शिट्टी दिली आणि बस निघाली. आता थांबेल की नाही कोण जाणे. ड्रायव्हर निघाल्यापासून एक अक्षर बोलला नव्हता, आणि आता त्याला विचारायचं धाडस आमच्यापैकी कुणाला होईना. आई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. डाव्या डोळ्यावर हात आडवा धरून बाहेर काही दिसतं का पाहत होत्या.

मग ड्रायव्हरनं वेग कमी केला. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि पहिल्यांदा मागे वळला. पांढऱ्या दाढीचा म्हातारा माणूस.

"मातम के लिए रोक रहा था," तो म्हणाला, "तो ख़ुशी के लिए क्यों नहीं रोकूँगा? उतरिए अम्मा, आराम से."

हे आईंना धरून उतरवत होते तेव्हा माझ्यामागून रामकलीही पिशवी घेऊन उतरायला लागली. कंडक्टर ओरडला, तुमचं तिकीट बलरामपूरचं आहे. ती म्हणाली, "शाम की गाड़ी से चली जाऊँगी. वहाँ आज हल्दी है, हल्दी में मुझे कोई बुलाता नहीं." आणि मला हळूच विचारलं, "बहू, मुझे अंदर जाने देंगे?"

मी काही बोलायच्या आत आईंनी तिचं मनगट पकडलं. "हम भी विधवा है. चलो."

आत विटांची जोती, पिंपळ, आणि ऊन असं की माझेच डोळे दिपत होते. आईंना मी एकेक दाखवायला लागले, ही गंधकुटी, भगवान बुद्धांची राहायची जागा, हा आनंदबोधी पिंपळ. त्या डाव्या डोळ्यावर हात आडवा धरून नुसत्या हं हं म्हणत होत्या. मला कळलं की त्यांना काहीही दिसत नाहीये. आपण उशिरा आणलं त्यांना. मी बोलायची थांबले, कारण पुढं बोलले असते तर रडले असते.

आईंनी मान रामकलीकडे वळवली. "तू बता. क्या दिखता?"

पिंपळाखाली श्रीलंकेहून आलेल्या बायका बसल्या होत्या, आपल्याकडच्याही होत्या, म्हाताऱ्या, तरण्या, लेकुरवाळ्या. सगळ्या पांढऱ्यात. कुणी फुलं मांडत होतं, कुणी हसत होतं. रामकली बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"अम्मा," ती म्हणाली, "इतनी औरतें हैं. सब सफ़ेद साड़ी में. और कोई रो नहीं रही."

आईंनी डाव्या डोळ्यावरचा हात काढला आणि पिंपळाच्या दिशेनं पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "तेवढं दिसून राहिलं मले. पांढरं दिसते."