बाण लाल झाला की थांबायचं

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंड वाकडं करायला नको. कपडे दुरुस्तीचं दुकान आहे माझं. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या आणि वर "अजून झालं नाही का?" हे ऐकून घ्यायचं. घरी आलं की बारक्या.

बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय वर्षं चौतीस, पण नाव पडलं ते पडलं. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. तो औषधांच्या दुकानात कामाला होता. गोळ्यांची एक पट्टी पुडीत घालायची तर हा ती काढून परत नाव वाचायचा, परत घालायचा, परत काढायचा. गिऱ्हाइकांची रांग रस्त्यापर्यंत जायची. मालक भला माणूस, दोन वर्षं सोसलं त्याने, मग हात टेकले. घरीही तेच. गॅसचं बटण, नळ, दाराची कडी.

"ताई, बंद आहे ना? नक्की?"

"हो."

"नक्की?"

दुसऱ्या वेळेला माझा आवाज चढायचा. तिसऱ्या वेळेला मी काय बोलायचे ते लिहिण्यासारखं नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, सगळं समजावलं. पण माझ्या मनातून एक गोष्ट जाता जात नव्हती. हा मुद्दाम करतो. मनात आणलं तर थांबेल. हे मी त्याच्या तोंडावरही म्हणायचे, आणि म्हणूनच तो त्या संशोधनात गेला.

रुग्णालयातल्या फलकावर कागद लावला होता. असे आजार असलेल्या माणसांचा मेंदू स्वतःला आवर कसा घालतो, हे मशीनमध्ये फोटो काढून बघायचं होतं त्यांना. बारक्याने फोन नंबर उतरवून घेतला, आणि बरोबर उतरवलाय का ते बघायला परत दोनदा गेला. घरी येऊन म्हणाला, "फोटोत दिसेल ताई. मग तुला पटेल."

त्याच आठवड्यात मी निवासी केंद्राचा फॉर्म आणला होता. गावाबाहेर, अशा माणसांच्या राहण्याची सोय. खोली शुक्रवारपर्यंतच राखून ठेवणार होते, आणि माणूस सज्ञान म्हणून सही त्याची स्वतःची हवी होती. फॉर्म मी फ्रिजवर ठेवला आणि त्याला म्हणाले, "फोटोत काय येतं ते बघू, मग ठरवू." घरात राहायचं की जायचं, हे त्याच्यासाठी त्या फोटोवर येऊन ठेपलं होतं.

सोमवारी गेलो. संशोधन करणारी मुलगी पंचविशीची असेल, कोपरावर उसवलेला स्वेटर घातलेली. माझी नजर पहिली तिथेच गेली. मशीनजवळ लोखंडाचा कण चालत नाही, म्हणाली. बारक्याने खिसे उलटे करून दाखवले, परत तपासले, परत दाखवले. मग माझ्याकडे वळला. "ताई, हा शर्ट तू कमरेत आत घेतलायस. टाचणी नाही ना राहिली?"

"नाही."

"नक्की?"

"अरे बाबा, नाही!"

त्या मुलीने सरळ त्याला रुग्णालयाचे कपडे दिले. प्रश्न मिटला. मला असं काही सुचत असतं तर आमची निम्मी भांडणं टळली असती.

काम साधं होतं. आत पडून राहायचं, हातात दोन बटणं. पडद्यावर हिरवा बाण येतो. डावीकडचा असेल तर डावं बटण, उजवीकडचा असेल तर उजवं, पटकन. मधूनच एखादा बाण बघता बघता लाल होतो. लाल झाला की दाबायचं नाही, थांबायचं. मला काचेअलीकडे स्टुलावर बसू दिलं होतं. मशीन ठणाठणा वाजत होतं, आणि बारक्याचे फक्त पाय दिसत होते, ताठ, एकमेकांना चिकटवलेले. मुलगी माइकवर दोनतीनदा म्हणाली, "लाल होईल म्हणून वाट बघू नका हं, पटकन दाबा." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

शेवटी ती पडद्याकडे बघत स्वतःशीच म्हणाली, "हे तर एकदाही चुकले नाहीत." ती कोड्यात पडून तसं म्हणाली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त शब्द ऐकले.

बारक्या बाहेर आला तो घामाने निथळत. पहिला प्रश्न, "दिसलं का?"

"एकट्याचा फोटो बघून काही सांगता येत नाही हो," मुलगी म्हणाली. "पुष्कळ जणांचे एकत्र केले की थोडंफार कळतं. तुमचा एकट्याचा बघितला तर चारचौघांसारखाच आहे."

त्याचा चेहरा पडला, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जिन्यावरच सुरू झाले मी. "एकदाही चुकला नाहीस! म्हणजे थांबता येतं तुला. मग घरी कुणासाठी चालतात ही नाटकं? आईला खाल्लंस, आता मला खा."

"ताई, आत फार..."

"गप्प बस. एक शब्द बोलू नकोस."

घरी आल्यावर मी फ्रिजवरचा फॉर्म काढून टेबलावर आपटला. "शुक्रवारच्या आत सही कर."

गुरुवारी दुपारी दुकानात त्या मुलीचा फोन आला, येऊन जाता का म्हणून. शटर ओढलं आणि गेले. तिने आधी एक कागद दाखवला. संमतीपत्रात खाली बारक्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "जे काही कळेल ते माझ्या ताईला सांगावे."

"त्यांची नोंद आम्हाला वापरता येणार नाही," ती म्हणाली. "ते प्रत्येक बाणाला वाट बघत होते, लाल होतोय का म्हणून. खेळ असा बांधलाय की माणूस निम्म्या वेळा चुकायलाच हवा."

"काहीतरीच काय!"

तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. मी बसले. बाण आला, दाबलं. आला, दाबलं. लाल झाला, तरी दाबलं गेलं. परत लाल, परत दाबलं. मेलं बोट ऐकेच ना! मी शिवी हासडली तशी ती हसली. "हे असं व्हायला हवं. निरोगी माणूस इथे असाच चुकतो."

मग तिने बारक्याची नोंद उघडली. सुरुवातीला तो जरा उशिरा दाबत होता, मग आणखी उशिरा. शेवटी शेवटी तर हिरवा बाण निघून जायचा, पडदा रिकामा व्हायचा, तरी बोट बटणावर तसंच. चुकायची इतकी भीती, की साध्या बाणालाही त्याला बटण दाबवत नव्हतं. अर्धा तास तो तसा पडून होता, आणि मी काचेअलीकडे बसून म्हणत होते, बघा, जमतंय की लबाडाला.

"हे फोटोत दिसतं का?" मी विचारलं.

"एकट्याच्या नाही दिसत," ती म्हणाली. "पण त्या दिवशी त्यांचे कपडे पिळण्याइतके ओले होते."

मला तिथे रडू आलं. लाज वाटली, पण आलं.

दुकान उघडलंच नाही, सरळ घरी गेले. बारक्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. पुढ्यात फॉर्म, आणि फॉर्मवर सही.

हा माणूस बँकेत पैसे काढायच्या चिठ्ठीवर सही करायला तीन चिठ्ठ्या फाडतो. इथे डॉक्टरांच्या रकान्यात सही ठोकली होती, तीही वाकडी, शाई फासलेली, आणि स्वतःच्या नावातलं एक अक्षर खाल्लेलं.

"तपासली नाहीस?" मी म्हणाले.

"नाही." तो हसत होता. किती तरी वर्षांनी असा हसताना बघत होते मी त्याला. "तू म्हणालीस ना, मला थांबता येतं. म्हटलं, तपासावंसं वाटायच्या आत करून टाकावी. एका झटक्यात केली ताई. आता तुला त्रास नाही. बघ, जमलं की नाही?"

जन्मात एकदा त्याने न तपासता काही केलं होतं, आणि ते माझ्या घरातून जायला.

"बारक्या, चुकीच्या जागी केलीस रे सही."

त्याचं हसू गेलं. कागद डोळ्यांजवळ धरून तो परत परत वाचू लागला. "दुसरा फॉर्म आण. नीट करतो. उद्या शुक्रवार आहे."

"दुसरा मिळत नाही," मी म्हणाले. धडधडीत खोटं.

"नक्की?"

"नक्की."

"विचारलंस त्यांना? नक्की?"

उद्या गॅसपाशी, नाहीतर कडीपाशी, माझा आवाज परत चढणार आहे. मी काही बदललेली बाई नाही, मला मी माहीत आहे. पण त्या दुपारी मी फॉर्मची घडी करून माझ्या पर्समध्ये घातली आणि त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसले.

"नक्की," मी म्हणाले. "आणखी विचार. मी इथेच आहे."

त्याने विचारलं.