खिंडीत अडलेले पऱ्हे

मित्रांनो, मी एक जुनी खिंड आहे. माझे वय विचारू नका. ज्या पाण्याने मला कोरले ते कधीच वाहून गेले, आणि सांगायला दुसरे कोणी उरले नाही. सालेकशाच्या जंगलात, मोहाच्या आणि तेंदूच्या झाडांमध्ये, दोन टेकड्यांच्या मधोमध मी आहे.

तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात माझा अर्थ एका ओळीत उरकलेला असतो: दोन डोंगरांमधली अरुंद वाट. बरोबर आहे, पण त्यातला 'वाट' हा शब्द जरा जोरात वाचा. डोंगरात फटी पुष्कळ असतात. त्यांत वटवाघळे राहतात, त्यांना कोणी खिंड म्हणत नाही. या बाजूचा माणूस ज्या फटीतून त्या बाजूला जातो, ती खिंड. घाट म्हणजे डोंगर चढून जाणारा रस्ता. बोगदा माणसाने पोखरलेला असतो. मला मात्र पाण्याने घडवले आणि पायांनी नाव दिले. शत्रूला खिंडीत गाठतात, एकटा शूर माणूस खिंड लढवतो. टेकडीच्या नावाने आहे का असा एखादा वाक्प्रचार? मी जराशी गर्विष्ठ आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

पूर्वी माझ्यातून धानाच्या गाड्या जात, वराती जात, गुरे जात. मग दरेकशाकडून आगगाडी आली आणि लांबचे प्रवासी तिकडे वळले. मला फार वाईट वाटले. तरी दोन्ही बाजूंच्या गावांचे माझ्यावाचून चालत नव्हते, म्हणून माझा दिवस सरत असे.

त्या गावांची एक रीत होती. जंगलात वाघ-अस्वलांची भीती, म्हणून खिंडीतून जाणारा प्रत्येक जण एक दगड उचलून वाटेच्या कडेला ठेवी, हात जोडी आणि म्हणे, "देवा, वाट दे." त्या ढिगाला सगळे वाटदेव म्हणत. मीही फुशारून जाई. पण ढीग वाढत गेला. आधी गाडीचे एक चाक नालीतून जाऊ लागले, मग बैल बिचकू लागले. तरी कोणी दगड ठेवायचे थांबेना.

देश स्वतंत्र व्हायला अजून दहा-बारा वर्षे होती, तेव्हाची गोष्ट. आषाढात नाला फुगला आणि पूर्वेकडच्या गावाचे पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपे, सगळे कुजून गेले. बांधी, म्हणजे धानाची खाचरे, चिखलून तयार, पण लावायला काडी नाही. त्या गावात धुरपता नावाची शेतकरीण होती. पश्चिमेकडे तिचे माहेर. तिचा निरोप मिळताच भाऊ केशोराव याने आपल्या गावातले, रोवणी होऊन उरलेले पऱ्हे उपटून, पेंढ्या बांधून तीन गाड्या भरल्या. उपटलेले पऱ्हे उन्हात टिकत नाहीत. ते वेळेत पोचले तरच त्या गावाला वर्षाचे धान मिळणार होते.

गाड्या माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या. आदल्या रात्रीच्या पावसाने वाटदेवाचा ढीग घसरून पूर्ण वाट बुजवली होती. आणि गंमत बघा, सकाळपासून माणसे त्यावरून चढून जात होती, आणि जाता जाता आणखी एक दगड ठेवत होती!

आभाळ उघडले. ऊन चढले. समोरून धुरपता रोवणाऱ्या बायांना घेऊन धावत आली. पुढच्या गाडीचा गाडीवान उदाराम खाली मान घालून उभा होता.

"मी नाही हात लावत, धुरपताबाई," तो म्हणाला. "माह्या बापाचा गोटा हाय याच्यात. देव कोपला त् कोन पाहीन?"

"बाई, सारं गाव बोलन," केशोरावही कचरला.

"बोलन त् बोलन! माह्या पऱ्ह्याले ऊन लागून राह्यलं," धुरपता कडाडली. "अन् देव कायले कोपन? आपन त्याले म्हणून राह्यलो, वाट दे, वाट दे. अन् त्याच्याच वाटेत गोटे टाकून राह्यलो!"

तरी कोणी दगडाला हात लावेना. मला तर वाटले, आता मी संपले. ज्या खिंडीतून जाता येत नाही, तिला खिंड कशाला म्हणायचे?

धुरपताने पदर खोचला. ढिगातला एक दगड उचलला, कपाळाला लावला आणि टेकडीच्या पायथ्याशी नीट नेऊन ठेवला. "हा माह्या सासूचा," ती म्हणाली. उदारामने बैल सोडले आणि जू खाली ठेवले. बापाचा दगड कोणता हे त्याला ओळखू येईना, म्हणून त्याने सगळेच बापाचे मानले आणि उचलायला लागला. मग केशोराव, मग बाया. प्रत्येक दगड कपाळाला लागत होता आणि बाजूला रचला जात होता. मध्येच कोणी पऱ्ह्यांवर नालीचे पाणी शिंपडत होते.

ऊन कलायच्या आत वाट मोकळी झाली. पहिली गाडी आत शिरली तेव्हा दोन्ही चाके सपाट वाटेवर होती. दुसरी आली, तिसरी आली. बाया हसत, ओरडत गाड्यांमागून पळत होत्या. मित्रांनो, त्या खडखडाटाने मी आनंदाने भरून गेले. संध्याकाळपर्यंत बांध्या हिरव्या व्हायला लागल्या होत्या.

दिवाळीनंतर नव्या तांदळाची पोती घेऊन धुरपताची गाडी माहेरी निघाली. माझ्यापाशी ती उतरली, बाजूच्या दगडांना हात जोडले आणि वाटेत आलेला एक धोंडा पायाने कडेला सारला. तेव्हापासून हीच रीत झाली.

मुलांनो, तुमच्याही गावाजवळ एखादी खिंड असेल. तिच्यावर माया असेल तर तिला फुले वाहू नका, नारळ फोडू नका. तिच्यातून जा, आणि पलीकडच्या माणसाला अलीकडे येऊ द्या.